कोशी की गोशी? ज्युदोच्या वहीतली कंबर

विचारणा थोडक्यात अशी आहे. ज्युदो शिकणाऱ्या मुलीच्या वहीत तिच्या सरांनी डावांची नावं लिहून दिली आहेत. कमरेच्या डावांचं शीर्षक ‘कोशी-वाझा’. पण त्याखाली पहिलाच डाव ‘ओ-गोशी’, मग ‘हाराई-गोशी’, आणि मधेच पुन्हा ‘कोशी-गुरुमा’. कंबरेला जपानीत नक्की म्हणतात काय, कोशी की गोशी? की सरांच्या लिहिण्यात घोटाळा आहे? सोबत दोन उपप्रश्न: मराठीत ज्युडो लिहावं की ज्युदो, आणि ‘केसा-गातामे’ या पकडीतला ‘केसा’ म्हणजे आपले केस का?

ज्युडो-ज्युदोचं आधी उरकून टाकू. जपानीतला द हा आपल्या दातातला द आहे. ड आला तो इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने, तसाच ‘कराटे’तला टही. मूळ उच्चार ‘काराते’च्या जवळचा, पण कराटे आता इतकं रुळलंय की ते बदलायला जाऊ नये. ज्युदोचं तसं नाही, आपल्याकडे वर्तमानपत्रांत द सर्रास दिसतो, तो ठेवावा. मला त्यातला य जास्त आवडतो. हिंदीवाले सरळ ‘जूडो’ लिहितात आणि त्यांचं भागतं, कारण त्यांच्याकडे ज एकच. आपण ‘जूदो’ लिहिलं तर निम्मे लोक त्याचा ज बैलाच्या मानेवरच्या जू सारखा वाचतील. मधला य घातला की ज तालव्य होतो, ‘जीव’ मधल्यासारखा, आणि जपानीत तोच आहे. ज्याने पहिल्यांदा ‘ज्यु’ लिहिलं त्याचा कान तयार होता.

आता मुख्य प्रश्न. सरांची यादी बरोबर आहे. शब्द एकच, कोशी, म्हणजे कंबर. तो एकटा असेल किंवा जोडशब्दात पहिला असेल तर कोशी राहतो: कोशी-वाझा, कोशी-गुरुमा. दुसऱ्या जागी गेला की गोशी होतो: ओ-गोशी (मोठी कंबर, म्हणजे पूर्ण कंबर घालून केलेली फेक), हाराई-गोशी (झाडू मारावा तसा पाय मारून केलेली कमरेची फेक). ‘कोशी-गुरुमा’त तर हे दोन्ही एका दमात दिसतं. कोशी पहिला म्हणून तसाच, आणि त्यामागचा ‘कुरुमा’, म्हणजे चाक, दुसरा म्हणून ‘गुरुमा’.

जपानी व्याकरणात याला ‘रेन्दाकु’ म्हणतात. रेन म्हणजे सलग, दाकु म्हणजे गढूळ. आपण ज्यांना अघोष म्हणतो ते क, त, स त्यांच्या लेखी ‘स्वच्छ’ आणि घोष, म्हणजे ग, द, झ, ते ‘गढूळ’. लिपीतही गढूळपणा वरून शिंपडल्यासारखाच दाखवतात: ‘का’चं अक्षर तेच ठेवून त्याच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की झाला ‘गा’. म्हणजे जपानी मुलाला कोशी आणि गोशी लिहिताना पहिलं अक्षर एकच दिसतं, एकदा रेघांशिवाय आणि एकदा रेघांसह. घोळ आपला होतो, कारण आपल्याला क आणि ग ही दोन वेगळी अक्षरं दिसतात.

मुलीची वही या नजरेने पुन्हा चाळा. कारी म्हणजे विळ्याने कापणी. ओ-सोतो-गारी हा डाव म्हणजे समोरच्याचा पाय बाहेरच्या बाजूने कापून काढणं. कातामे म्हणजे घट्ट आवळून धरणं. पकडींच्या नावात तो ‘गातामे’ होतो. कारामी, गुंतवणं, याचं उदे-गारामी. शिमे, म्हणजे गळा आवळणं, याचं हादाका-जिमे. काएशी, उलटवणं, याचं ओ-सोतो-गाएशी. कराटेवाल्यांकडेही हेच: केरी म्हणजे लाथ, पण माए-गेरी, त्सुकी म्हणजे ठोसा, पण ओई-झुकी. कराटेच्या वर्गात ‘गेरी’ आणि ‘केरी’ या दोन वेगळ्या लाथा आहेत असं समजणारी मुलं मी पाहिली आहेत.

त्सुकी-झुकीची जोडी मराठी माणसाने चवीने म्हणावी अशी आहे. ‘त्सु’ लिहिलं की परका आवाज वाटतो, पण तो जवळजवळ आपला ‘चुकीचा’ मधला चु आहे, आणि झुकीतला आवाज ‘जुना’ मधल्या जु चा सख्खा शेजारी. इंग्रजी बोलणारा इथे अडखळतो, हिंदीवालाही. आपल्याला ते दोन्ही आवाज आईच्या भाषेतच मिळालेत. तेव्हा मुलीला ‘त्-सु-की’ असं फोडून म्हणू देऊ नका.

संधी शिकलेल्याला हे ओळखीचं वाटेल: वाक् आणि ईश मिळून वागीश, जगत् आणि ईश मिळून जगदीश. वर्गातल्या पहिल्या अक्षराच्या जागी तिसरं. क चा ग, त चा द, इथपर्यंत हुबेहूब. पण दिशा उलटी आहे. संस्कृतात पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर बदलतं आणि ते पुढे काय येतं त्यावर अवलंबून असतं. जपानीत दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. का, याचं एक बऱ्यापैकी मानलं गेलेलं स्पष्टीकरण असं, की दोन शब्दांच्या मधे कधीकाळी ‘नो’ होता. हा नो म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. तो बोलता बोलता चेपला गेला, त्यातला अनुनासिक तेवढा मागे उरला, आणि त्याने पुढच्या अक्षराला घोष करून ठेवलं. ज्युदोतच याला आधार मिळतो. जिथे नो अजून उघडपणे उभा आहे तिथे बदल होत नाही: नागे-नो-काता, कातामे-नो-काता (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचे डाव). ‘नो-गाता’ कुणी म्हणत नाही.

ज्युदोबाहेरही हा नियम तुमच्या घरात आधीच शिरलेला आहे. कागदाला ‘कामी’, दुमडण्याला ‘ओरी’, म्हणून ओरिगामी. होंडा हे आडनाव मुळात ‘होन’ आणि ‘ता’. ता म्हणजे भातखाचर. टोयोटाच्या संस्थापकांचं आडनाव टोयोडा होतं, तिथेही तोच ता. कंपनीचं नाव ठरवताना १९३६ मध्ये त्यांनी डा सोडून टा घेतला. रस्त्यावर होंडाचा ता गढूळ आणि टोयोटाचा स्वच्छ धावतो आहे.

आता गंमत अशी, की हा नियम म्हणावा तितका नियम नाही. दुसऱ्या शब्दाच्या पोटात आधीच एखादा ग, झ, द, ब असेल तर बदल होत नाही. ‘काझे’ म्हणजे वारा, त्यात झ आहे, म्हणून कामिकाझे, कामिगाझे नव्हे. बेंजामिन लायमन या अमेरिकी खाणतज्ज्ञाच्या नावाने हे ओळखलं जातं. जपानमध्ये नोकरीला असताना भाषेकडेही कान ठेवणारा माणूस, त्याने १८९४ मध्ये लिहिलं. जपानी पंडित मोतोओरी नोरिनागाने मात्र हे त्याच्या शंभरेक वर्षं आधीच टिपलं होतं. चिनीतून आलेले शब्दही सहसा बदलत नाहीत. आणि काही ठिकाणी कारणच सापडत नाही: जपानीच्या दोन लिप्यांपैकी एकीला हिरागाना म्हणतात, पण दुसरीला काताकाना. काराते मधला ‘ते’ म्हणजे हात, तो ‘दे’ का झाला नाही याला ‘तसंच म्हणतात’ एवढंच उत्तर. सोदे-त्सुरिकोमी-गोशी हे लांबलचक नाव वहीत आलं की त्सुरिकोमी जागच्या जागी राहिलेला दिसेल आणि गोशी बदललेला. तेव्हा नियमावरून नाव बनवू नका, नाव पाठ करा. नियम फक्त पाठ केलेलं लक्षात राहायला आहे.

एक जोडी मी मुद्दाम मागे ठेवली. हाराई-गोशीतला ‘हाराई’ दुसऱ्या जागी गेला की ‘बाराई’ होतो. कराटेतला गेदान-बाराई, खालच्या अंगाचा तो झाडून टाकणारा अडवा, सगळ्यांना माहीत असतो. ज्युदोत दे-आशी-बाराई आणि दे-आशी-हाराई दोन्ही ऐकू येतं. कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेच्या यादीत हाराई आहे, जुन्या पुस्तकांत बाराई. दोन्ही चालतं. पण ह चा ब व्हावा हे कोणत्या संधीत बसतं? क-ग, त-द समजलं. ह आणि ब यांचा काय संबंध?

याचं उत्तर आपल्या बाराखडीत आहे, आणि ही उपमा नाही. जपानी मुळाक्षरांचा क्रम म्हणून पाहा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? क वर्ग, च वर्गाच्या जागी स, त वर्ग, त्याचा न. पुढे म, य, र, व. बौद्ध मंत्र शिकण्यासाठी जपानी भिक्षू सिद्धम् ही संस्कृत लिहायची जुनी भारतीय लिपी शिकत, आणि त्या अभ्यासातून आपला वर्णक्रम तिकडे रुजला. आता त्या रांगेत ‘हा’ कुठे बसलाय पाहा: ना आणि मा च्या मधे. आपल्याकडे तिथे प वर्ग असतो. ज्या काळी रांग लावली त्या काळी तो आवाज ओठांचा होता. आधी प, मग ओठांतून फुंकल्यासारखा फ, आणि पुढे ह. उच्चार घसरत गेला, खुर्ची तीच राहिली. प चा घोष भाऊ ब. म्हणून हाराईचा बाराई.

मधल्या फ चा पुरावा गोव्यात छापला गेलाय. युरोपला पाठवलेले चार जपानी तरुण परत जाताना गोव्यात थांबले होते. त्यांच्यातल्या हारा मार्टिनोने जून १५८७ मध्ये सेंट पॉल कॉलेजात लॅटिनमध्ये भाषण केलं, आणि ते १५८८ मध्ये गोव्यातच पुस्तिका म्हणून छापलं. तिच्यावर त्याचं आडनाव ‘फारा’ आहे. ज्याने कानाने ऐकून लिहिलं त्याला ह नव्हे, फ ऐकू आला.

तिन्ही आवाज एकत्र ऐकायचे असतील तर पंचांच्या तोंडून ऐका. ‘इप्पोन’ म्हणजे आपल्या भाषेत चितपट, सामना तिथेच संपला. हा शब्द ‘इचि’ (एक) आणि ‘होन’ यांचा. होन हे लांबट वस्तू मोजायचं परिमाण, पेन्सिली, बाटल्या, आणि सामन्यातले निकाली डावही. एक असेल तर इप्पोन, दोन असतील तर निहोन, तीन असतील तर सानबोन. कराटेत सानबोन-कुमिते असतं ते हेच. काटेकोर बोलायचं तर याला रेन्दाकु म्हणत नाहीत, पण प, ह, ब यांची भावकी तीच.

उरला केसा. नाही, केसांशी काही संबंध नाही. पण नातं आपल्याशीच आहे. बौद्ध भिक्षूंच्या भगव्या-तपकिरी वस्त्राला संस्कृतात काषाय म्हणतात. कषाय म्हणजे तुरट, वनस्पतींच्या तुरट काढ्यात रंगवलेलं ते काषाय. शब्द चीनमार्गे जपानला गेला आणि ‘केसा’ झाला. हे वस्त्र डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली तिरपं घेतात, उजवा खांदा उघडा राहतो. केसा-गातामेत पकडणारा समोरच्याच्या बाजूला बसून मानेखालून हात घालतो, त्याचा एक हात आपल्या काखेत आवळतो आणि छातीने त्याच्या छातीवर तिरपा रेलतो. खालच्याच्या अंगावर वरचा माणूसच केसासारखा पडलेला असतो. असं वीस सेकंद धरून ठेवलं की इप्पोन.

‘दोजो’ हाही याच वाटेचा. बुद्धाला बोधी मिळाली ती जागा, बोधिमंड, याच्या चिनी भाषांतराचा तो जपानी उच्चार. तालीम हा त्याचा नंतरचा अर्थ.

केसा एकट्या ज्युदोतच नाही. तलवारीच्या एका वाराला ‘केसा-गिरी’ म्हणतात, खांद्यापासून कमरेकडे उतरणारा तिरपा वार. इथे ‘किरी’ म्हणजे कापणं, दुसऱ्या जागी आला म्हणून गिरी. यावर मुलगी नक्की विचारेल, मग हाराकिरीत ‘गिरी’ का नाही? तिला सांगा, हारा म्हणजे पोट, आणि तिथे पोटच कापलं जातं, ते कर्म आहे. पहिला शब्द दुसऱ्याचं कर्म असेल तर सहसा बदल होत नाही. केसा-गिरीत केसा कुणी कापत नाही, केसासारखं कापतात.