पाच डोळ्यांचा ओपाबिनिया सोंडेने काय करी?

प्रश्न : मुलीच्या चित्रपुस्तकात ‘ओपाबिनिया’ नावाचा पाच डोळ्यांचा, सोंड असलेला समुद्री जीव पाहिला. असा प्राणी खरोखर होता का? सोंडेने तो श्वास घेई की खाई? त्याचे जीवाश्म मुंबईच्या खडकांत मिळतील का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : प्राणी खरा आहे. कॅनडातील ‘बर्जेस शेल’ या सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या कँब्रियन नावाच्या कालखंडातल्या खडकात त्याचे जीवाश्म मिळाले आणि अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ चार्ल्स वॉलकॉट यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. सोंड सोडल्यास तो जेमतेम बोटाएवढा, चार ते सात सेंटिमीटर लांब होता.

कोळणीच्या पाटीतली कोलंबी आठवून पाहावी. देठांवरचे डोळे आणि शेपटीचा पंखा यांत दोघांचे साम्य दिसते, परंतु ओपाबिनियाचे डोळे पाच होते आणि अंगाच्या दोन्ही कडांना असलेल्या झालरीसारख्या पाळ्या वल्हवत तो समुद्रतळालगत वावरत असावा. श्वसनाचे काम या पाळ्यांशी जोडलेले कल्ले करीत.

‘सोंड’ या शब्दाने मात्र आपली थोडी फसगत होते, कारण हत्तीची सोंड हे त्याचे नाक असते आणि ओपाबिनियाची सोंड हा निव्वळ हात होता. डोक्याच्या सुमारे चौपट लांब, लवचीक अशा त्या नळीच्या टोकाला काटेरी चिमटा होता. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस आणि तेही मागे वळलेले असल्यामुळे चिमट्यात धरलेला घास सोंड खाली वळवून तोंडाशी न्यावा लागे. पुढे अन्ननलिकाही डोक्यातच उलटे वळण घेऊन शेपटीकडे जाई. जबडे नसल्याने त्याचा आहार मऊच असावा.

ओपाबिनिया खेकड्या-कोलंबीच्या गोतातला आहे का हे पाहण्यासाठी ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ हॅरी व्हिटिंग्टन यांनी जीवाश्मावरील खडकाचे कण बारीक हत्याराने टवकून त्यांच्यासारखे सांधेदार पाय शोधले, पण ते मिळाले नाहीत. १९७२ मध्ये त्यांनी एका सभेत या प्राण्याचे चित्र दाखवले, तेव्हा जमलेले तज्ज्ञ चक्क हसले होते. आपल्याला ते चित्र विचित्र वाटले यात नवल नाही.

मुंबईत मात्र तो मिळणार नाही. आपला काळा पाषाण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्या थरांमधल्या गाळात वरळीला बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत, पण ओपाबिनियाच्या हिशेबाने ते बेडूक कालपरवाचे.