फायर डोअरला ऑइलपेंट की वार्निश?

जिन्याकडच्या फायर डोअरचं पॉलिश उडालंय, ऑइलपेंट चालेल की वार्निशच हवं, असं तुम्ही विचारलंय. डब्याचं नंतर बघू. काम कुठल्या महिन्यात काढताय ते आधी सांगा.

फोंड्याला आमच्या इमारतीत मी सेक्रेटरी होतो, भावजी खजिनदार. चवथीला पाहुणे येणार, दारं कळकट दिसतात म्हणून त्यांनी ऐन श्रावणात स्वस्तातला रंगारी आणला. पाऊस संपू दे, म्हटलं मी. "रंग तो रंग, दाराला काय कळतंय?" या भावजींच्या उत्तरावर मिटिंगमध्ये सगळे हसले. रंगाऱ्याने जुना थर न घासताच तीन जाड हात मारले. कडेच्या खाचेतली काळी पट्टीही रंगवली आणि दार आगीत किती वेळ टिकतं ते सांगणारी, १२० मिनिटं लिहिलेली छोटी पाटीसुद्धा. आठ दिवस रंग बोटाला चिकटत होता. मग दार चौकटीत अडकायला लागलं. भावजींनी मेस्त, म्हणजे सुतार, बोलावला, त्याने रंधा मारून पट्टीसकट कड उतरवली. दिवाळीनंतर हवा सुकली तेव्हा फटीत माझी करंगळी जात होती.

फट तीन-चार मिलिमीटरच हवी. ती पट्टी २०० अंशांच्या आसपास फुगते आणि फट बुजवते, म्हणून तर ते फायर डोअर. पट्टी गेली की नुसतं महाग लाकूड उरतं.

तुमचं दार मुळात प्रमाणित असेल तर आगीत फुगणाऱ्या खास रंगाची गरज नाही. आणि नुसता तो फासून साधं फ्लश दार फायर डोअर होत नाही, दुकानदार काहीही सांगो. लाकडाचे रेषे दिसायला हवे असतील तर पीयूचे (पॉलियुरेथेन, पारदर्शक पॉलिश) दोन पातळ हात द्या, तेही नोव्हेंबरनंतर. एनसी लॅकर नको: दमट हवेत पांढरं पडतं, शिवाय त्यात नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आगीचा सोयरा. ऑइलपेंट चालतो, पण जुने थर हलक्या हाताने पॉलिशपेपरने घासून. हॉट एअर गन लावाल तर पट्टी तिथेच फुगेल. पट्टी, धूर अडवणारा ब्रश आणि पाटी, तिन्हींवर मास्किंग टेप चिकटवा.

हे सगळं लाकडी दाराचं, पत्र्याच्या दाराचं गणित वेगळं. आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: दार ज्याने बनवलं त्याला कुठलं फिनिश चालतं ते विचारा. त्याने नाही म्हटलं तर माझं ऐकू नका.

भावजी अजून म्हणतात, दार मेस्ताने बिघडवलं. मेस्ताला बोलावलं कोणी?