गादी ‘जागेवर बसते’ का?

प्रश्न : वय ४६. राहतो ऐरोलीला, नोकरी महापे एमआयडीसीत, जाणं-येणं स्कूटरवर. दोन महिन्यांपासून उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये एल-४, एल-५ या कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको. एका सेंटरने डीकम्प्रेशनच्या २४ सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, पैसे आधी. गादी जागेवर बसेल अशी खात्रीही दिली. भरू का? आणि रात्री कमरेचा पट्टा लावून झोपलं तर चालेल का?

उत्तर : सगळे पैसे एकदम भरू नका. सहा सिटिंगचे घेता का, असं विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे चौकशी करा.

ठाण्याच्या नौपाड्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, बावीस वर्षं झाली. ट्रॅक्शनचं, म्हणजे कंबर ओढून ताणायचं, टेबल माझ्याकडेही आहे, तेव्हा मी काही त्याची वैरीण नाही. डीकम्प्रेशन म्हणजे त्याच ट्रॅक्शनचा कॉम्प्युटरवर चालणारा धाकटा भाऊ. पूर्वी वॉर्डात पायाला वजनं टांगून पेशंटला दिवसच्या दिवस झोपवत, ते आठवत असेल. आता ओढ हळूहळू वाढते, मिनिटभर टिकते, मग अर्धा मिनिट सैल होते. असं वीस-पंचवीस मिनिटं.

टेबलावर काय होईल, तेही सांगते. एक पट्टा बरगड्यांखाली, एक कमरेखाली. तो जरा करकचूनच बांधावा लागतो, म्हणून भरल्या पोटी येऊ नका. गुडघे स्टुलावर. टेबलाचा खालचा अर्धा भाग सावकाश सरकतो. ओढीची सुरुवात तुमच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाने करतात. दुखायला नको, नुसतं ताणल्यासारखं वाटायला हवं. हातात बंद करायचं बटण देतात, ते दाबायला लाजू नका. माझ्याकडे निम्मे लोक घोरतात. उठताना मात्र सरळ उठायचं नाही: कुशीवर वळा, हाताने रेटा देऊन बसा, मिनिटभर थांबा. पहिल्या एक-दोन वेळेनंतर कमरेचे स्नायू दिवसभर ठणकतात, तेवढं चालतं.

आता ‘जागेवर बसणं’. गादी म्हणजे ड्रॉवर नव्हे, आत ढकलला की बसला. ओढ असेपर्यंत मणक्यांमधला दाब कमी होतो, नसेला जरा उसंत मिळते, एवढंच. बाहेर आलेला तुकडा बरेचदा शरीर स्वतःच काही महिन्यांत जिरवतं. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी घाई नको म्हटलं. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात ट्रॅक्शनचे ३२ अभ्यास तपासले; कंबरदुखीत फारसा फरक आढळला नाही. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने तर २०१६मध्ये कंबरदुखीला आणि सायटिकाला (कमरेतून पायात जाणाऱ्या कळेला) ट्रॅक्शन देऊ नका, असंच सांगितलं. तरी मी टेबल विकलेलं नाही, कारण पायाची कळ असलेल्या काहींना त्यावर आराम पडताना मी पाहते, आणि त्या आरामात व्यायाम करून घेता येतो. खात्री देणाऱ्याला मात्र हात जोडा.

फरक कसा ओळखायचा? माझे एक रिक्षावाले काका तलावपाळीवर, तळ्याभोवतीच्या फेरीने मोजत. आधी अर्ध्या फेरीत कठड्यावर टेकायचे. चौथ्या सिटिंगनंतर एक फेरी न बसता झाली. तुम्ही एका ठरलेल्या वाटेवर चालताना किती वेळा थांबता, ते लिहून ठेवा. पोटरीतली कळ वर सरकून नुसत्या कमरेत राहिली, तर कंबर जास्त दुखली तरी ती चांगली खूण. कळ उलट पावलाकडे उतरू लागली, तर थांबा. सहाव्या सिटिंगपर्यंत काहीच हललं नाही, तर पुढच्या अठरांत काय हलणार?

हाडं ठिसूळ असतील, मणक्यात स्क्रू असतील, फ्रॅक्चर, गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली असेल, तर हे टेबल नाहीच. आणि लघवी अडली किंवा नकळत झाली, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेना, तर क्लिनिक वगैरे विसरा. त्याच रात्री इस्पितळ गाठा.

स्कूटर महिनाभर बाजूला ठेवा. टेबलावर वीस मिनिटं मिळवायची आणि महापे रोडच्या खड्ड्यांत घालवायची, यात अर्थ नाही.

पट्टा रात्री नको. काढून खुंटीला लावा, उताणे झोपत असाल तर गुडघ्यांखाली उशी घ्या, कुशीवर झोपत असाल तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये.