महाभियोगाला गुन्हा लागतो की नुसतं बहुमत?

तुम्ही विचारलंय, राष्ट्राध्यक्षाला महाभियोगाने काढायचं तर गुन्हा सिद्ध व्हावा लागतो की बहुमत जमलं की झालं? मी सोलापूरच्या कोर्टात वकिली करतो. राष्ट्राध्यक्ष काही माझ्याकडे येणार नाहीत, पण सरपंच येतात आणि घोळ तिथेही हाच असतो.

सरपंचाला घालवायच्या दोन वाटा. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३५ म्हणजे अविश्वास. कारण ठरलेलं: "मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात घेत नाहीत." सदस्य आधी सहलीला जातात, सभेच्या दिवशी जीप थेट ग्रामपंचायतीसमोर थांबते. एका सदस्याच्या कपाळावरचं गंधसुद्धा वाळलं नव्हतं. उतरला, आत गेला, हात वर केला. (थेट निवडलेला सरपंच असेल तर पुढे ग्रामसभाही लागते, ते असो.) दुसरी वाट कलम ३९, गैरवर्तन. तिथे चौकशी, कागद, म्हणणं मांडायची संधी.

महाभियोग मांडला जातो ३९ सारखा, पण निकाल लागतो ३५ सारखा.

अमेरिकेच्या घटनेत कारणं आहेत देशद्रोह, लाचखोरी आणि 'इतर गंभीर गुन्हे व गैरकृत्ये'. सगळं भांडण त्या 'इतर'वर. फौजदारी गुन्हाच हवा असं बहुतेक घटनातज्ज्ञ मानत नाहीत, पदाचा गैरवापर पुरतो. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना काढायला सेनेटमध्ये दोन तृतीयांश मतं हवी होती; ३५ विरुद्ध १९ असे ते एका मताने वाचले. निक्सन यांच्यावर तर सभागृहात मतदानच झालं नाही. स्वपक्षीयांनी मतांचा आकडा सांगितला आणि १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आपल्याकडे राष्ट्रपतींसाठी घटनेचं कलम ६१. कारण एकच, 'संविधानाचा भंग', आणि त्याची व्याख्या कुठेच नाही. एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, एका सभागृहाने आरोप ठेवायचा, दुसऱ्याने चौकशी करायची, दोन्हीकडे एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. आजवर असं एकदाही झालेलं नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणार, मग भंग करणार तरी कसा? राष्ट्रपती झैलसिंगांनी १९८६ चं टपाल विधेयक ना सही करून ना परत पाठवून तसंच ठेवलं. तो भंग होता का? विधेयकाला संमती देण्याच्या कलम १११ मध्ये मुदतच नाही, त्यामुळे माझ्या मते नाही. पण तेव्हा दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लोक 'हो' म्हणाले असते, तर माझ्या मताला कोण विचारतं!

मला दक्षिण कोरियाची रीत पटते. संसदेने २०४ मतांनी ठराव केला तरी राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांना प्रत्यक्षात काढलं ते एप्रिल २०२५ मध्ये, घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने.

हे बाररूममध्ये बोललो तर आमचे एक सिनियर चहा फुंकत म्हणाले, "आणि न्यायाधीशाला कोण काढणार, वकीलसाहेब? १९९३ आठवतंय का?" आठवतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. रामस्वामी यांच्याविरुद्ध चौकशी समितीने आरोप सिद्ध धरले होते. लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६, विरोधात शून्य, आणि २०५ जण गप्प बसले. लागणारं बहुमत जमलं नाही, ठराव पडला.