दीड हजारांचं ते सॉफ्टवेअर घेऊ नकोस

प्रिय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. महिन्याला दीड हजार भरले की रोज दहा हजार लोक तुझ्या शेतीच्या साइटवर येतील, असं तुला कुणी सांगितलं. घेऊ का, असं तू विचारलंस. घेऊ नकोस.

मी घेतलं होतं. तीन दिवसांत आकडा असा चढला की रात्री उठून उठून बघायचो. चौथ्या दिवशी ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर कोण कुठून येतं ते दाखवणाऱ्या साधनात, गावांची यादी उघडली, तर झाडून सगळे एकाच परदेशी शहरातले आणि कुणी दोन सेकंदही टिकलेलं नाही. माणसं नव्हतीच ती, एक प्रोग्राम पान उघडून बंद करत होता. पुढे जाहिरातींचं खातं बंद झालं, साठलेले पैसेही गेले. गूगलमध्ये साइट वर दिसावी म्हणून सतराशे साठ ठिकाणी आपोआप तिची लिंक पेरून देणारी सॉफ्टवेअरं याच माळेतली. अशा लिंकांना आळा घालायला गूगलने 2012 च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला, तेव्हापासून त्यांनी फायदा सोड, झालं तर नुकसानच होतं.

तुला लागणारं साधन फुकट आहे: गूगल सर्च कन्सोल. लोकांनी काय टाइप केल्यावर तुझं पान दिसलं, किती वेळा दिसलं, कितींनी उघडलं, हे त्यात मागच्या 16 महिन्यांपर्यंतचं कळतं. मी आठवड्यातून एकदा चहा घेऊन ही यादी वाचत बसतो. माझ्या एका लेखाचं शीर्षक होतं ‘ऊस पिकातील एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन’. यादीत काय होतं? ‘उसाला खत किती टाकावे’. कुणी ‘ऊसाला’ लिहिलेलं, कुणी रोमन लिपीत. पान शेकडो वेळा दिसलेलं, उघडलेलं मोजून चार जणांनी. मी कृषी विद्यापीठाच्या भाषेत बोलत होतो आणि विचारणारा बांधावर उभा होता.

शीर्षक त्याच्या शब्दांत केलं. आतही बदल केला. सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे. पण शेतकरी एकरात आणि पोत्यात मोजतो. म्हणून लिहिलं, सगळं नत्र युरियातून द्यायचं धरलं तर एकरी 45 किलोची साधारण पाच पोती, तीही हप्त्याहप्त्याने. त्या पानावर आजही माणसं येतात आणि वाचत थांबतात. एकाने तर माती परीक्षणाचा कागद पाठवून पुढचं विचारलं. हे सुख त्या दहा हजारांत नाही रे.

कोणता शब्द कधी जास्त शोधला जातो ते दाखवणारं गूगल ट्रेंड्सही उघडून ठेव. उसाची आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे तो लेख जूनच्या सुरुवातीलाच तयार हवा. लोक शोधायला लागल्यावर लिहायला बसलास तर हंगाम हातचा जातो.

आणि एक बारीक गोष्ट, मराठीत लिहिणाऱ्यालाच छळणारी. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवलास तर कॉपी करताना एकेका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. ‘मराठी’ या एवढ्याशा शब्दाची पंचेचाळीस! व्हॉट्सॲपवर ती टक्क्यांच्या चिन्हांची माळ बघून लोकांना व्हायरसची शंका येते. पत्ता रोमनमध्ये छोटा ठेव, शीर्षक मात्र मराठीतच. लिंक पाठवल्यावर खाली फोटो आणि शीर्षक नीट दिसतं का, ते आधी घरच्या ग्रुपवर टाकून बघ. आपला वाचक बराचसा तिथूनच येतो.

जुने लेख श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये आण, नाहीतर शोधणाऱ्याला ते सापडणारच नाहीत.

कन्सोल आजच जोड. जोडल्या जोडल्या सगळं दिसणार नाही, आकडे साठायला थोडे दिवस लागतात. यादी भरायला लागली की पहिल्या वीस ओळी मला पाठव, रविवारी फोनवर बसून एकेक बघू.

तुझा,
दादा