पवई तलावाच्या पाण्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवायची आहे, छोटं अनुदान कुठून मिळेल?

तुम्ही लिहिलंय की पवईला राहणारे तुम्ही काही मित्र आहात, दोघंतिघं इंजिनिअर आहेत, तलावात सेन्सर सोडून त्याचे आकडे सगळ्यांना दिसतील असं ॲप करायचं आहे, आणि त्यासाठी पाचेक लाखांची मदत हवी आहे. मी उपनगरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, विद्यार्थ्यांना घेऊन तलावांच्या पाण्याचे नमुने घेते, आणि अशा छोट्या अनुदानांचे प्रस्तावही अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. पैसे कुठे मिळतील ते सांगतेच, पण आधी ते कशासाठी मागायचे हे बोलू. बहुतेक अर्ज तिथेच मार खातात.

प्रस्तावात यंत्राचा खर्च भला मोठा असतो आणि ते सांभाळायचा खर्च जवळजवळ नसतोच. पवईत सांडपाणी येतं, त्यामुळे त्या पाण्यात शेवाळाला खाद्याची कमी नाही. प्रोब, म्हणजे सेन्सरचं पाण्यात बुडणारं टोक, पाण्यात सोडला की पंधरवड्यात, उन्हाळ्यात त्याच्याही आधी, त्यावर हिरवट बुळबुळीत थर चढतो. मग आकडे हळूहळू सरकायला लागतात. एकदम उडी मारली असती तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. इथे आलेख छान गुळगुळीत दिसतो आणि चुकीचा असतो. म्हणून दर आठवड्याला कोणीतरी जाऊन प्रोब बाहेर काढायचा, मऊ ब्रशने पुसायचा, पीएचसाठी (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी) 7 आणि 10 च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ठरलेला असलेल्या द्रावणात, बुडवून बघायचा, ऑक्सिजनचा प्रोब ओल्या फडक्यात गुंडाळून हवेत तपासायचा. पुसण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, दोन्ही वहीत लिहायचे. त्या दोन आकड्यांवरूनच मधल्या आठवड्याचा डेटा दुरुस्त करता येतो. पाच लाख मिळणार असतील तर माझ्या मते यंत्रावर त्यातला एक तृतीयांश घाला, उरलेले या माणसाच्या मानधनाला, बफरला, सुट्या भागांना आणि प्रयोगशाळेत पडताळणीसाठी पाठवायच्या नमुन्यांना ठेवा. असा हिशेब दिसला की अर्ज वाचणाऱ्याला कळतं, हे लोक तलावावर जाऊन आलेले आहेत.

दुसरं, एकच प्रश्न धरा. मला विचाराल तर रात्रीचा ऑक्सिजन. पाण्याचे नमुने साधारणपणे दिवसाउजेडी घेतले जातात. त्या वेळी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. 30 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात, हवेशी समतोल असताना, लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. दुपारी तीनला तुमच्या प्रोबने 12 दाखवले तर खूश होऊ नका. ते पाणी शेवाळाने भरलेलं आहे. तेच शेवाळ आणि तळाचा गाळ रात्रभर ऑक्सिजन खात राहतात, आणि सर्वांत कमी आकडा येतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत माशांसाठी किमान 4 मिलिग्रॅम लागतात. पहाटे पाणी त्याच्या खाली किती वेळ राहतं, हे दुपारच्या बाटलीतून कधीच कळणार नाही. दर पंधरा मिनिटांनी मोजणारा साधा सेन्सर ते सांगू शकतो. स्वस्त यंत्राचा खरा उपयोग हा आहे, आणि प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात हेच यायला हवं.

जलपर्णी मोजायला मात्र यंत्र मागू नका. सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एक, दहा मीटरच्या बारकाईने. जलपर्णी जवळच्या अवरक्त प्रकाशात चकाकते आणि पाणी काळं दिसतं, त्यामुळे पवईएवढ्या तलावावर ती किती पसरली हे घरबसल्या काढता येतं. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं जवळजवळ मिळत नाहीत, तेवढं धरून चाला.

आता पैसे. सेन्सर तुम्ही स्वतः बनवणार असाल तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना बघा. नमुना-यंत्रासाठी 10 लाखांपर्यंत मदत मिळते आणि ती इनक्युबेशन केंद्रांमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रांमार्फत, वाटली जाते. आयआयटी मुंबईचं 'साइन' हे असं केंद्र तुमच्या दाराशीच आहे, तिथे चौकशी करा. नुसत्या ॲपला ही योजना चालत नाही, हातात धरता येईल अशी वस्तू लागते. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे त्यांनी सामाजिक कामावर खर्चायचा पैसा, हा दुसरा रस्ता. पाण्याची गुणवत्ता राखणं कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसतं. पण कंपनी तो पैसा मित्रांच्या गटाला किंवा हाउसिंग सोसायटीला देत नाही. आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी असलेला, सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी झालेला ट्रस्ट किंवा संस्था लागते. तेव्हा आधी अशी संस्था शोधा आणि यंत्र कोणाच्या नावावर, डेटा कोणाचा, हे तिच्याशी कागदावर ठरवून घ्या.

परदेशी अनुदानांची नावं इंटरनेटवर भराभर सापडतील. रफर्ड फाउंडेशन छोटी अनुदानं देतं, पण त्यांचा भर जीवसृष्टीच्या संवर्धनावर असतो. पवईतल्या मगरी किंवा मासे तुमच्या कामात खरोखर असतील तरच तिथे जा. त्याआधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, नीट समजून घ्या. परदेशी निधीला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा पुढे दुसऱ्याला देता येत नाही. ओळखीच्या संस्थेच्या खात्यावर मागवून घेऊ, असा विचार असेल तर सोडून द्या.

महापालिकेची लेखी परवानगी अर्जाला जोडली तर अर्जाचं वजन फार वाढतं. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून आजच पत्र द्या. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकेचा पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला, तेव्हापासून तलावात काही उभं करायचं म्हटलं की सगळेच जपून असतात. पत्रात स्पष्ट लिहा की बांधकाम काही नाही, तरंगतं आणि काढून घेता येईल असं उपकरण आहे. पाण्यात उतरून काम करू नका, तिथे मगरी आहेत. होडी आणि तलाव माहीत असलेला माणूस घ्या, त्याचे पैसे खर्चात दाखवा. विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, पहिल्या प्रस्तावात त्यांचं नाव नको.

ॲपचं थोडं लांबणीवर टाका, ही कळकळीची विनंती. पहिल्या वर्षी एक साधी सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) सगळ्यांना उतरवून घेता येईल अशी ठेवा: वेळ, यंत्राचा क्रमांक, कच्चा आकडा, दुरुस्त आकडा, प्रोब शेवटचा कधी साफ केला. कच्चा आकडा कधीही पुसू नका. तलावांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचं ग्लिऑन नावाचं जागतिक जाळं आहे. त्या मंडळींनी रोजच्या ऑक्सिजनवरून तलावाचा श्वासोच्छ्वास काढायचं 'लेकमेटाबोलायझर' हे आर या संगणकभाषेतलं पॅकेज मोफत ठेवलंय. तुमची फाइल नीट असेल तर ते थेट वापरता येईल, आणि आयआयटीतला एखादा विद्यार्थी आपणहून तुमच्याकडे येईल.

मसुदा झाला की इथे टाका. मी वाचून खर्चाच्या तक्त्यासकट शेरे देईन.