अकाउंट्स आणि स्टोअरवाले दाद देत नाहीत, त्यांच्याशी जमवून कसं घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की रबाळ्याच्या कारखान्यात परचेसला लागून तीन महिने झाले आणि अकाउंट्सवाले तुमची बिलं मुद्दाम अडवतात. असतीलही, तशी माणसं असतात. पण आधी त्यांच्या तारखा बघा.

मी महापेला अकरा वर्षं परचेसमध्येच आहे. पहिलं वर्ष अकाउंट्सच्या मॅडमवर चरफडण्यात गेलं. सप्लायर रोज फोन करून डोकं खायचा आणि मॅडमचं एकच, "चौदा तारखेनंतर बघू." मला वाटायचं, टोलवताहेत. एकदा पावसात ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडली, ठाण्याला घरी जाता येईना, म्हणून त्यांच्या टेबलाशी बसलो. तेव्हा कळलं. सप्लायर ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे त्याच्या विक्रीच्या बिलांचं विवरण भरतो, त्यावरून १४ला आपलं २बी, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांची यादी तयार होते. त्यात बिल दिसलं नाही तर त्या महिन्यात इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) नाही, आणि २०ला ३बी, म्हणजे महिन्याच्या कराचं विवरण भरायचं असतं. १८ टक्क्यांचा माल असेल तर तेवढी रक्कम अडकली. तेव्हापासून ११च्या आतच सप्लायरला मी विचारतो, "बिल चढवलं का?" भांडणं संपली नाहीत, निम्मी झाली.

स्टोअर आणि क्यूसीचं, म्हणजे माल तपासणाऱ्यांचं, आणखी गुंतागुंतीचं. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ पासून मुदत चुकलेला खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी धरतात, म्हणून मार्चअखेर थकलेलं बिल अकाउंट्सला झोंबतं. मुदत सुरू होते माल स्वीकारल्यापासून, आणि १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल आला त्या दिवसापासून. आमच्याकडे क्यूसीवाला तोंडी "रिजेक्ट" म्हणून पेट्या कोपऱ्यात सारायचा. लेखी हरकत नाही, म्हणून मुदतीचे दिवस मोजणं चालूच, आणि शिव्या मात्र परचेसला! आता स्टोअरच्या मामांकडे एक वही आहे: माल कधी आला, हरकत कधी लिहून दिली. वही मामांचीच कल्पना; मी फक्त पेन आणून दिलं.

साहेबांना सीसीत घालून मेल टाकत असाल तर थांबवा. दोन जिने उतरून जा.

आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्सकडे काही विचारायला जाऊ नका. फरसाण घेऊन गेलात तरी.